मोरपंखी थैलीतलं अंजीर

मोहाडीच्या कलाबाईंच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, अंजिराचं झाड लावून चार वर्षं झाली होती. पण कलाबाईंना त्याची चव काही माहीत नव्हती. एका साली फळं बुलबुलांनी खाल्ली, पुढच्या साली खारींनी, आणि गेल्या साली ती मधुकररावांनी संपवली. त्यांनी स्वतः खाल्ली असती तरी चाललं असतं. 'आमच्या घरची आहेत' म्हणत ते तहसील कचेरीपर्यंत वाटून आले. पाखरांना निदान हाकलता येतं, नवऱ्याला कसं हाकलणार?

म्हणून यंदा कलाबाईंनी कंबर कसली. ओटीत आलेले ब्लाउज पीस कपाटात ढिगानं पडले होते. ते कोणी शिवत नाही, नुसते या ओटीतून त्या ओटीत फिरतात. कलाबाईंनी त्यांच्या थैल्या शिवल्या आणि फळाफळाला बांधल्या. झाड असं नटलं की गल्लीतल्या बाया कुंपणावरून बघायला येऊ लागल्या.

पहिलं पिकायला आलं ते मोरपंखी थैलीतलं. कलाबाई रोज सकाळी ते हळूच दाबून बघत. मंगळवारी बोट रुतलं. आज जेवण झालं की एकटीनं खायचं, त्यांनी ठरवून टाकलं.

आणि नेमकी दुपारी नणंद दारात! शकुनबाई, मधुकररावांची थोरली बहीण. या घरात काहीही नवं पिकलं की पहिला मान त्यांचा.

"बाई, मांगं चाल, अंजीर पिकलं आहे," मधुकरराव म्हणाले. कलाबाईंनी डोळे वटारले, पण त्या माणसाला तीस वर्षांत एकही इशारा कळला नव्हता.

झाडाखाली येताच शकुनबाईंचा पारा चढला. "कला, हा मोरपंखी पीस मी देला होता ना, दिवाळीले? इतक्या हौसेनं आणला, अन् तू झाडाले बांधून राहिली? या घरचं पाणी नको मले!"

खरी गोष्ट अशी, की तो पीस दोन वर्षांपूर्वी कलाबाईंनीच शकुनबाईंच्या ओटीत घातला होता. तो फिरून परत आला तेव्हा त्या गालात हसल्या होत्या, एवढंच. आता एका वाक्यात नणंदेची बोलती बंद करता आली असती. पण रुसलेली नणंद पाणी पीत नाही, म्हणजे अंजीरही खाणार नाही! कलाबाईंना मनातून उकळ्या फुटल्या.

"चुकलं बाई माझं," त्यांनी डोळ्याला पदर लावला. "आता कोणत्या तोंडानं तुम्हाले खा म्हणू?"

मधुकरराव बायकोकडे बघतच राहिले. शकुनबाई तर भांडायच्या तयारीत होत्या, पण समोर पदर बघून त्यांचंच मन विरघळलं. "जाऊ दे वं. रडू नको. साधी आहेस तू. तोड रे मधू ते अंजीर, आण इकडं."

मधुकररावांनी थैलीसकट फळ तोडलं. कलाबाईंचा पदर झटक्यात खाली आला. त्यांनी थैली हिसकली, फळ तळहातावर काढलं आणि थैली उलटी करून नणंदेपुढे धरली. आतल्या काठावर लाल धाग्याचे दोन टाके होते.

"हे पाहा बाई. ओटीत भरायच्या आधी प्रत्येक पिसाले माझी खूण असते. कोणता फिरून येते, समजते. हा तुम्हाले मीच देला होता."

मधुकरराव खाकरले. निदान आता तरी फळ बहिणीच्या हातावर पडेल, असं त्यांना वाटलं असावं. कलाबाईंनी ते अख्खं तोंडात टाकलं. इतकं गोड, इतकं गोड, की मघाशी न आलेलं पाणी आता खरोखर डोळ्यांत आलं.

"कसं आहे वं?" शकुनबाईंनी न राहवून विचारलं.

"किडकं निघालं, बाई," कलाबाई चघळत म्हणाल्या.

"मग थुंकत काहून नाहीस?"

कलाबाईंनी हनुवटीवरचा रस बोटानं टिपला आणि ते बोटही चाटलं.

"पाहुण्यापुढं थुंकनं बरं दिसते का?"