सिल्वीचे सरळ रीळ

मी एक जुने रीळ आहे. शिवणाच्या डब्यात लोळणारे नव्हे हं, मित्रांनो. मी मासे धरायचे रीळ आहे, आणि तेही गोठलेल्या सरोवराला भोक पाडून मासे धरायचे. टॅमरॅक सरोवरावर माझे भाऊबंद पुष्कळ आहेत, पण माझ्याइतकी बोलणी त्यांतल्या एकानेही खाल्ली नसतील.

माझा जन्म कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात झाला. त्यातले मला फारसे आठवत नाही. आठवतो तो पुठ्ठ्याचा खोका, आणि खोका उघडला तेव्हा वर दिसलेला गॉर्डी लिंडालचा लालबुंद चेहरा. गॉर्डीच्या दुकानात गळ, जिवंत अळ्या, कॉफी आणि गावभरच्या बातम्या मिळत. त्याने मला काचेखाली मांडले. मी तळहातात मावेल एवढे काळे चाक. पतंगाच्या फिरकीवरून मांजा सुटतो तसा माझ्यावरून तंगूस, म्हणजे गळाचा बारीक नायलॉनचा दोरा, सरळ सुटतो आणि सरळच गुंडाळला जातो. म्हणून मी सरळ रीळ. माझ्या शेजारी दुसऱ्या जातीची रिळे होती. त्यांचे चाक जागचे हलत नाही, एक वाकडी तार त्याच्याभोवती फिरून तंगुसाची वेटोळी घालते. ती वेटोळ्यांची रिळे माझ्यापेक्षा मोठी, चकचकीत आणि भारी रुबाबदार.

एका दुपारी दोन बहिणी दुकानात आल्या. थोरली इर्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी, धाकटी सिल्वी शाळेची बस चालवी. इर्याचा नवरा कधीच वारला होता आणि सिल्वीने लग्नच केले नव्हते. दोघी वडिलांच्या घरात एकत्र राहत आणि घरभर भांडत. सिल्वीने मला उचलले.

"हे काय घेतेस?" इर्या म्हणाली. "पतंग उडवणारेस?"

"हातात घेऊन तर बघ."

"बघायचंय काय त्यात? खेळण्यातलं चाक आहे ते. गॉर्डी, माझ्या बहिणीच्या गळ्यात काय मारतोयस?"

गॉर्डीने कॉफीचा पेला खाली ठेवला. "हे बघ इर्या, खोटं कशाला सांगू? मी स्वतः वेटोळ्यांचंच वापरतो. पण त्याच्यात तंगुसाला पीळ पडतो, आणि तो पीळ सुटायला लागला की खाली गळ गरगरत बसतो. क्रॅपी मासा महासंशयी. फिरणाऱ्या अळीला तो तोंड लावत नाही. याच्यात पीळच नाही, गळ आपला मुकाट लोंबत राहतो."

"आणि तोटा?"

"हळू आहे. दांडी कितीही फिरव, तंगूस आपला बोटाबोटाने वर येतो. मोठा मासा ओढायला लागला तर याचा ब्रेक तसा यथातथाच. उथळ पाण्यात राजा, खोल पाण्यात गाढव."

"म्हणजे अगदी तुझ्यासारखं," सिल्वी गॉर्डीला म्हणाली, आणि तिने मला विकत घेतले.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. सिल्वीने मला हातभर लांबीच्या काठीला काळ्या चिकटपट्टीने घट्ट बांधले. दर हिवाळ्यात बर्फ पुरेसा जाड झाला की त्या दोघी आपले लाकडी खोपटे गाडीच्या मागे बांधून सरोवरावर ओढत नेत. खोपट्याच्या जमिनीत दोन भोके होती. सिल्वी गिरमिटाने खालचा बर्फ पोखरी, इर्या झाऱ्याने चुरा काढी, आणि मग दोघी पालथ्या बादल्यांवर समोरासमोर बसत. गॅसची शेगडी इर्याच्या बाजूला असे. सिल्वी दाराशी बसे आणि मला भोकाजवळ, गारव्यात धरी. इर्याच्या हातात वेटोळ्यांचे रीळ, सिल्वीच्या हातात मी. शनिवार मग असा जाई:

"इर्या, तुझा गळ नाचतोय बघ खाली. मासे टाळ्या वाजवत असतील."

"तुझं चाक गंजलं का? गेल्या शनिवारी खाली सोडलेला गळ वर आला की नाही अजून?"

"येईल. येताना मासा घेऊन येईल. तुझा येतो लवकर, पण रिकामा."

मित्रांनो, मी फुशारकी मारत नाही, पण क्रॅपी सिल्वीलाच जास्त मिळत. ती खटका दाबून तंगूस सोडी आणि अंगठा माझ्या चाकावर अलगद टेकवी. क्रॅपी अळी इतकी हळूच चोखतो की काठीचे टोकसुद्धा हलत नाही. पण माझ्या चाकावरून ती थरथर सिल्वीच्या अंगठ्यात जाई. तेव्हा ती बोलता बोलता गप्प होई आणि इर्या म्हणे, "लागला वाटतं मेला."

माझे दोषही लपवत नाही. सिल्वी अंगठा टेकवायला विसरली की मी सुसाट सुटत असे आणि चाकावर न विंचरलेल्या केसांसारखी गुंतवळ होई. ती सोडवताना सिल्वी जे शब्द वापरी ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. एकदा तिने खोल पाण्यात गळ सोडला आणि भलामोठा वॉलाय मासा लागला. ती दांडी फिरवते आहे, फिरवते आहे, मी कण्हते आहे, आणि मासा अर्ध्या वाटेवरून गळ झटकून निघून गेला. इर्याने ती गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मुलाला वरणासारखी वाढली.

घरी आल्यावर सिल्वी मला कधीही आत नेत नसे. दाराबाहेरच्या थंडगार पडवीत ती माझे झाकण उघडी, फडक्याने कोरडे पुसी आणि खिळ्याला टांगून ठेवी. "याला घरात आणायचं नाही गं," ती आतल्या इर्याला ओरडून सांगे. इर्या म्हणे, "मी कशाला आणू तुझं चाक घरात?"

मग तो नोव्हेंबर आला. सरोवराच्या कडेला नुकती बर्फाची पापडी धरू लागली होती. सिल्वी बस लावून घरी आली, पडवीत बूट काढायला वाकली, आणि उठली नाही. मी खिळ्यावर होते. मी पाहिले.

त्यानंतर पुष्कळ माणसे आली. त्यांनी भट्टीत भाजलेल्या बटाटा-खिम्याच्या हॉटडिशच्या परातीच्या पराती आणल्या. लोकरीचे मोजे आणले, शाल आणली. आल्यावर प्रत्येकजण आधी इर्याला मिठी मारी आणि मग शेगडी मोठी करी. इर्या प्रत्येकाला "बरं" म्हणाली. ती रडली नाही. कॉफी समोर ठेवली की ती प्यायची. उचलून नेली की नेऊ द्यायची. शाळेतून तिला रजा दिली होती, ती तिने घेतली.

एके दिवशी तिने पडवीचे दार उघडले आणि माझ्याकडे पाहिले. मग काठीसकट मला खाली काढले, आत नेले आणि स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवले. सिल्वीचे काही थंडीत राहू नये, एवढेच तिच्या मनात असावे. मित्रांनो, तिने ते मायेने केले हे मला कळत होते. पण मी धातूचे. गारठलेल्या अंगाला एकदम ऊब लागली तशी मी ओले झाले. माझ्या बेरिंगांत थेंब जमले. वर रोज सुपाची वाफ, कॉफीची वाफ. पाणी आत मुरत गेले. मला काही वाटेनासे झाले. खाली खुर्चीत इर्या बसलेली असे. तिलाही काही वाटत नव्हते. आम्ही दोघे उबेत बसून होतो.

ख्रिसमस आला तसा गेला. मग गॉर्डी आला. टोपी हातात धरून तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"इर्या, त्या खोपट्याचं काय करायचं? मी नेऊन ठेवलं बर्फावर, नेहमीच्या जागी. पण तू तर येत नाहीस."

"तू घे."

"तसं नाही. मी पैसे देईन. दुकानात येणाऱ्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायला बरं पडेल. पण तू नीट विचार कर. एकदा दिलंस की..."

"विचार केला. शनिवारी ये तिथं. आतलं सामान काढून ठेवते."

"सगळंच देतेस?"

"सगळंच. हेही त्याच दिवशी घेऊन जा." तिने फळीकडे मान हलवली.

शनिवारी सकाळी तिने मला कोटाच्या आत घातले. काठीचे टोक तिच्या हनुवटीशी बाहेर आले होते. बाहेर नाकपुड्या चिकटतील अशी थंडी होती. खोपट्यात शेगडी पेटवलेली नव्हती. तिने बादल्या बाहेर काढायला उचलल्या, परत ठेवल्या. गॉर्डी यायला वेळ होता. गॉर्डीने पाडलेल्या दोन्ही भोकांवर पुन्हा बर्फ धरला होता. तिने लोखंडी पहारीने दाराजवळचे भोक फोडले, झाऱ्याने चुरा काढला, मग आपली बादली ओढून त्याच्याशी बसली. सिल्वीची बादली समोर रिकामी. हे सगळे का केले ते तिलाही सांगता आले नसते. हाताला सवय होती, एवढेच.

तिने मला कोटातून बाहेर काढले, गळाला सामानाच्या डब्यातली रबरी अळी लावली, खटका दाबला. अंगात तिची ऊब होती तोवर मी नीट फिरले. गळ खाली जाऊन मुकाट लोंबला. आणि तेवढ्यात माझ्या आत मुरलेले ते सगळे पाणी गोठू लागले. बेरिंग आवळले. दांडी जड झाली, मग थांबली. मी आतून दगड झाले.

नेमका तेव्हाच मासा लागला.

काठी वाकली. इर्याने दांडी फिरवली. मी हलले नाही. तिने जोर लावला. मी हलले नाही.

"बघ. बघ तुझं चाक," इर्या म्हणाली. आवाज अगदी शनिवारचा होता. "नेमक्या वेळेला मान टाकली. तुला किती वेळा सांगितलं, सिल्वी, खेळणं आहे हे. आता काय मी याला अंगाई म्हणू?"

आणि ती थांबली. समोरच्या बादलीकडे पाहत, उलट उत्तराला लागते तेवढी जागा सोडून थांबली.

उत्तर आले नाही. भोकात तंगूस मात्र इकडून तिकडे सरकत होता.

तिने काठी गुडघ्याखाली दाबली, हातमोजे ओढून काढले आणि उघड्या हातांनी तंगूस खेचू लागली. एक हात, मग दुसरा हात. ओला तंगूस बोटांत रुतत होता, वर आला की कडक होऊन बर्फावर पडत होता. बोटे आधी लाल झाली, मग पांढरी. ती खेचत राहिली. शेवटी भोकातून क्रॅपी वर आला, ताटलीएवढा रुंद, आणि बर्फावर शेपटी आपटू लागला.

इर्याने हात कोटात काखेत घातले. थोडा वेळ काहीच झाले नाही. बधिर बोटांना काही होत नसते. मग रक्त परतू लागले. तुमच्यापैकी कुणाचे हात असे गारठले असतील तर तुम्हाला ठाऊक असेल, मित्रांनो, गारठताना दुखत नाही, परत येताना दुखते. ती पुढे वाकली. आधी दातांतून श्वास घेतला. मग रडू लागली. सिल्वी गेल्यापासूनचे सगळे तेव्हाच आले, बोटांबरोबर.

गॉर्डीने दार उघडले आणि तो तसाच उभा राहिला.

"हात गारठले का? गाडीत चल, हीटर लावतो."

"नको," ती रडत रडतच म्हणाली. "येऊ दे हळूहळू."

तो सिल्वीच्या बादलीवर बसला. बऱ्याच वेळाने त्याने मला उचलले, दांडी हलवून पाहिली. "हे कुठं ठेवलं होतंस?"

"शेगडीवरच्या फळीवर."

"शेगडीवर? अगं, पाणी धरलं असणार यानं. थंडीतलं रीळ थंडीतच ठेवतात. सिल्वी तर याला उंबरासुद्धा ओलांडू देत नव्हती."

"मला वाटलं, बाहेर एकटं कशाला."

गॉर्डीने दांडी पुन्हा एकदा हलवून पाहिली. मला खाली ठेवत तो म्हणाला, "जाऊ दे. तसंही याच्यात काही राम नाही. मी तुला दुकानातून एक वेटोळ्यांचं देतो. चांगलं, दणकट, झरझर ओढणारं."

इर्याने बाहीने नाक पुसले. "झरझर काय करायचंय? क्रॅपीच्या मागे लागून शर्यत लावायचीय? तुझ्या त्या रिळावर गळ भोवऱ्यासारखा फिरतो, गॉर्डी. मासा काय खुळा आहे? याच्यावर अळी कशी गप राहते. चाकाला अंगठा लाव, मासा श्वास घेतो तोसुद्धा कळतो."

गॉर्डी तिच्याकडे पाहत राहिला. "इतकी वर्षं तू माझ्या बाजूनं भांडत होतीस."

"तेव्हा या बाजूला ती होती," इर्या म्हणाली.

गॉर्डीने खिशातून पैशांचा लिफाफा अर्धा बाहेर काढला होता, तो परत आत सारला. "आणि खोपटं?"

"खोपटं राहू दे. मासा घेऊन जा तू. मला एकटीला जास्त होईल." आणि थोड्या वेळाने, "नाहीतर जेवायलाच ये."

त्याच दुपारी गॉर्डीने मला पडवीत उघडले, एकेक बेरिंग काढून कोरडे केले आणि पुन्हा जुळवले. त्यानंतर मी फिरू लागले. खोल पाण्यात आजही मी गाढवच आहे, आणि इर्याचा अंगठा सिल्वीइतका हलका नाही, त्यामुळे गुंतवळ पुष्कळ होते. त्याबद्दल ती मला बोलते. मला चालते.

मित्रांनो, तुमच्याजवळ कुणाची मागे राहिलेली वस्तू असेल, तर तिला कुरवाळण्याआधी तिला काय सोसते ते विचारून घ्या. माझे म्हणाल तर काम झाले की माझे झाकण उघडा, मला कोरडे पुसा, खिळ्याला टांगा, आणि उगाच कीव करू नका. उबेत बसवून ठेवलेला प्रत्येक जण बरा असतो असे नाही. कोरडे असेन तर मी कितीही थंडीत फिरेन. आता पडवीचे दार लोटून घ्या. इर्या उद्या सकाळी मला सरोवरावर न्यायला येणार आहे.