खडखडीच्या खाली

मिस्त्रींना गाडी दिसायच्या आधी तिचं दुखणं ऐकू येतं, असं त्यांची गिऱ्हाइकं म्हणत आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. गाडी फाटकातून आत वळेपर्यंत त्यांचं मनाशी निदान झालेलं असे, पट्टा सैल आहे की बेअरिंग गेलंय, आणि मग केवळ समोरच्याच्या समाधानासाठी ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावत, डॉक्टर छातीला नळी लावतो तसे. तीस वर्षांत हा कान क्वचितच चुकला होता. त्याचा त्यांना अभिमान होता, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही.

त्या सोमवारी सकाळी एक बाई राखाडी गाडी घेऊन आल्या. गाडीच्या पोटाखालून पत्र्याची अखंड खडखड येत होती.

"आमचे हे ग्रंथपाल आहेत," बाई म्हणाल्या. "जन्मभर लोकांना 'हळू बोला' सांगत आले, पण दोन महिने झाले तरी ही खडखड त्यांना खुपत नाही. म्हटलं, आपणच दाखवून यावं."

काम दहा मिनिटांचं होतं. सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा एका बाजूने सुटला होता. गाडीखाली आडवं पडून मिस्त्रींनी बॅटरीचा झोत टाकला, तेव्हा त्यांना एवढंच जरा विचित्र वाटलं, की तो स्क्रू हादऱ्यांनी सैल झालेला नव्हता. गंजलेल्या डोक्यावर हत्याराचे ताजे, चकचकीत ओरखडे होते. कोणीतरी तो मुद्दाम फिरवला होता. कुणा अर्धवट कारागिराचं काम असेल, असं म्हणून त्यांनी तो घट्ट आवळला. गाडी मांजरासारखी निमूट झाली आणि बाई खुशीत घरी गेल्या.

गुरुवारी स्वतः ग्रंथपाल आले. किडकिडीत माणूस, कडक इस्त्रीचा सदरा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. गाडीत समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला होता. मिस्त्रींनी स्कॅनर जोडला. पडद्यावर एकाही दोषाची नोंद नव्हती. त्यांनी बॅटरीची तार काढून पुन्हा लावली. दिवा पुन्हा लागला आणि नोंद पुन्हा कोरीच.

"दिवा लागलाय आणि नोंद नाही, असं होत नाही," मिस्त्री स्वतःशीच पुटपुटले.

"दिव्याचं राहू द्या," ग्रंथपाल म्हणाले. "तो पत्रा तेवढा सैल करून द्या. पहिल्या वेळी मीच केला होता. आता तुम्ही आवळलाय, माझ्याने सुटत नाही."

मिस्त्री हसले. "साहेब, लोक आवाज काढून घ्यायला येतात. घालून घ्यायला आलेले तुम्ही पहिलेच."

ग्रंथपाल हसले नाहीत. "त्याच्या खाली आणखी एक आवाज आहे. खडखड असली की तो झाकला जातो. तुमचा कान पक्का आहे म्हणतात. एक फेरी मारून या. पण फार वेळ थांबू नका."

कारखान्याच्या लांबलचक भिंतीला लागून एक सरळ रस्ता जातो, त्यावर मिस्त्री गाड्या तपासत. दुपारचे बारा वाजले होते, भिंतीची सावली तिच्या पायाशी गोळा झाली होती. त्यांनी काचा वर केल्या. इंजिन स्वच्छ चालत होतं, कुठे कुरकुर नाही. आणि तिसऱ्या गिअरनंतर त्या स्वच्छ घुमण्याच्या तळाशी त्यांच्या कानाला काहीतरी लागलं. त्यांनी वेग वाढवला, कमी केला. ते वाढलं नाही, कमी झालं नाही. त्यांनी गिअर काढला. शेवटी किल्लीच फिरवली. गाडी घरंगळत जाऊन भिंतीच्या कडेला उभी राहिली, इंजिन गप्प झालं, आणि तो आवाज तसाच चालू राहिला.

तो लोखंडाचा आवाज नव्हता. शेजारच्या खोलीत डॉक्टर नातेवाइकांना काही समजावून सांगत असावा, तसं कोणीतरी घाई न करता, एका लयीत बोलत होतं. शब्द कळत नव्हते, पण ती वाक्यं होती, ती मध्येच थांबत होती, आणि थांबत होती ती उत्तराची वाट पाहण्यासाठी. मिस्त्रींनी कान स्टिअरिंगला लावला, मग वाकून पायाशी नेला. भीती अशी वाटली नाही. अजून थोडं बसलं तर नीट लागेल, आणि नीट लागलेलं बरं, एवढंच वाटत राहिलं. त्यांनी मान वर केली तेव्हा भिंतीची सावली रस्ता ओलांडून पलीकडच्या गवतात पोचली होती.

ग्रंथपाल गॅरेजमध्ये स्टुलावर होते तसेच बसलेले होते. इतका वेळ कुठे होतात, हे त्यांनी विचारलं नाही. मिस्त्री गाडीखाली सरकले आणि स्क्रू उलटा फिरवला. गाडी सुरू करताच पत्रा खडखडू लागला, आणि समोरचा पिवळा दिवा विझला.

"शब्द लागले का?" ग्रंथपालांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"सुरुवातीचे थोडे." त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "इतके दिवस मी समजत होतो, की ते मला सांगताहेत."

"मग?"

दुःख झालेल्या घरात शिरताना माणूस आवाज खाली आणतो, तसा त्यांचा आवाज खाली आला. "ते आपल्याविषयी सांगताहेत, घरच्या माणसाला. तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बायको. दोघंच."

ग्रंथपालांनी मान हलवली आणि गाडी बाहेर काढली. खडखड नाक्यापर्यंत ऐकू येत होती. ते पुन्हा कधी आले नाहीत.

त्यानंतर गॅरेजमधला हवेचा पंप काम नसतानाही धडधडत राहू लागला. घरी मिस्त्री आल्या आल्या रेडिओ लावत, आणि थंडी पडली तरी पंखा बंद करू देत नसत.

"दिवसभर गोंगाटात काढता," बायको एकदा म्हणाली, "घरी तरी कान निवू द्या."

"सवय झालीये," ते म्हणाले. ती शाल पांघरून बसू लागली.

एका रविवारी दुपारी दोघं टेबलाशी बसली होती, ती मटार सोलत होती, तेवढ्यात वीज गेली. रेडिओ अर्ध्या शब्दावर तुटला. पंख्याची पाती मंदावत मंदावत थांबली, फ्रिजची घरघर संपली. मिस्त्री एकदम बोलू लागले: टायरांबद्दल, गॅरेजच्या गळक्या छपराबद्दल, सुचेल त्याबद्दल. एरवी त्यांच्या तोंडून दोन वाक्यं काढायला मारामार असे.

बायकोने हात वर केला. हातात अर्धी सोललेली शेंग होती.

"अहो, एक मिनिट. कोण बोलतंय?"

"रस्त्यावरून गाडी गेली," ते म्हणाले आणि खुर्ची मुद्दाम फरशीवर घासली.

"शू."

तिने मान किंचित कलती केली होती. तिचे ओठ हलत होते, मनातल्या मनात वाचताना हलतात तसे, आणि मध्येच ती 'हो' म्हटल्यासारखी मान डोलवत होती. मिस्त्री तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. त्यांना तिला हाक मारायची होती. ती मारली तर सगळं तिला पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागेल की काय, असा विचित्र विचार मनात आला आणि ते गप्प बसले.

मग वीज आली. पंखा फिरू लागला, रेडिओवर बाजारभाव सुरू झाले.

बायको उठली. त्यांच्याकडे न बघता तिने आधी रेडिओ बंद केला, मग पंखा, आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसली.