एकतिसावी खेळी

मी बुद्धिबळाचा एक जुना पट आहे, मित्रांनो. जाड लाकडाचा, चारही कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकलेला. मला घडवणारा सुतार माझ्यावर हात फिरवून म्हणाला होता, "यावर शांत माणसंच बसतील." बिचारा! त्याला लाकडाची पारख होती, माणसांची नव्हती.

मला एका घड्याळजीने विकत घेतले. दुकानामागच्या खोलीत मी तीन वर्षे एकच डाव अंगावर घेऊन बसलो होतो. समोरचा खेळाडू होता दूरच्या शहरातला एक दंतवैद्य. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते. एक खेळी पोस्टकार्डावर लिहून जायची आणि तिचे उत्तर दोन-तीन आठवड्यांनी यायचे. घड्याळजी गिऱ्हाइकांशी फार गोड बोलायचा. तो गोडवा मधल्या दारापाशी संपत असे.

एके दुपारी तो एकतिसाव्या खेळीचा विचार करत होता. त्याची नऊ वर्षांची मुलगी कोपऱ्यात अभ्यास करत होती. तिला खोकला झाला होता. तिने फ्रॉकची कड तोंडात कोंबली, तरी खोकला आलाच. घड्याळजीने मला दोन्ही हातांनी उचलले आणि माझा कोपरा तिच्या कपाळात घातला. ती खाली पडली तरी आणखी दोनदा घातला. सोंगट्या खोलीभर उडाल्या. तिचे रक्त माझ्या एका पांढऱ्या घरात मुरले. मारणारा तो होता, पण हत्यार मी होतो, याची मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात दुकानाची घंटा वाजली. "खेळ्यांच्या वहीत बघून डाव होता तसा मांड," तो म्हणाला. "एक सोंगटी चुकली तर हात मोडीन." आणि हसतमुखाने बाहेर गेला.

तिने डाव मांडला. फक्त बापाच्या राजासमोरच्या तीन प्याद्यांतले कडेचे प्यादे एक घर पुढे ठेवले. मला वाटले, डोळ्यांवर रक्त ओघळते आहे, पोर चुकली.

त्या प्याद्यामुळे राजाला निसटायला वाट आहे असे घड्याळजीला दिसू लागले. खऱ्या डावात ती बंदच होती. त्याने शेवटची रांग राखणारा हत्ती निर्धास्तपणे पुढे पाठवला. तीन आठवड्यांनी कार्ड आले: "हत्ती शेवटच्या रांगेत. मात. आपली प्रकृती बरी आहे ना?"

घड्याळजीने वही माझ्याशी ताडून पाहिली. मग मुलीला ओढत आणले, तिचा उजवा हात माझ्या कडेवर आडवा धरला आणि मनगटातून मोडला. दिलेला शब्द तेवढा त्याने पाळला. मग मला भिंतीवर आपटले. मला मधोमध तडा गेला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

गेल्या महिन्यात त्याच्या नातीने मला खाली काढले. ती बुद्धिबळाच्या मासिकात लिहिते. खेळाडूंच्या मंडळाने नव्या सभागृहाला घड्याळजीचे नाव द्यायचे ठरवले होते आणि त्याच्या या गाजलेल्या डावावर तिचा लेख हवा होता. पण एकतिसावी खेळी कुणालाच उलगडेना. एवढा कसलेला खेळाडू असा आंधळा कसा झाला? नात आठ दिवस कार्डे आणि संगणक घेऊन माझ्यासमोर बसली. शेवटी तिने सहज कडेचे प्यादे एक घर पुढे सारले आणि ताडकन उठली.

"आत्या! आजोबांचा पटच चुकीचा मांडलेला होता!"

आत्या म्हणजे तीच मुलगी, आता सत्तरीला टेकलेली. तिने केस बाजूला करून कपाळावरची खूण दाखवली. "मीच मांडला होता," ती म्हणाली आणि सगळे सांगून मोकळी झाली.

नातीला रडू फुटले. "एवढीशी होतीस गं. घाबरून चुकलीस."

"चुकले नव्हते." आत्या खुर्ची ओढून पुढे आली. "मला एवढंच सांग. प्यादं जागेवर असतं, तर तो जिंकला असता?"

साठ वर्षे ती हे उराशी धरून होती आणि मला लाकडाला पत्ताच नव्हता. नातीने डाव पुन्हा मांडला, दोनदा तपासला.

"हो आत्या. सहा खेळ्यांत."

आत्याने वाकड्या मनगटावरून बोट फिरवले. "मग हात फुकट नाही मोडला," ती म्हणाली.

लेख छापून आला. एकतिसाव्या खेळीचे कारण त्यात जसेच्या तसे होते. सभागृह बिननावाचेच राहिले.

मित्रांनो, मला तेल लावा, उन्हापासून जपा, जमले तर तडाही बुजवा. पांढऱ्या घरांतले ते एक तपकिरी झालेले घर मात्र घासू नका. नात परवा ओले फडके घेऊन आली होती, तर आत्याने तिचा हात धरला.