काकवी पाजलेला ॲक्सल

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची तर तुम्हाला जरा वाकावं लागेल. आणखी थोडं. हां, आता दिसलो. मोटारीच्या मागच्या दोन चाकांना जोडणारी, चिखलाने माखलेली जी जाड नळी असते, आणि तिच्या मधोमध जे भोपळ्याएवढं पोट असतं, तो मी. मागचा ॲक्सल. इंजिनाने कितीही डरकाळ्या फोडल्या तरी चाकं फिरतात ती माझ्या पोटातल्या दातेरी चक्रांमुळे. पण माणसं बॉनेट उघडून इंजिनाचं कौतुक करतात, दिवे पुसतात, हॉर्नलासुद्धा मान देतात. मला कोणी बघत नाही. ही तक्रार नव्हे. मी फक्त लक्षात ठेवतो.

माझा जन्म विलायतेतला. बोटीने मुंबईत उतरलो आणि एका पारशी डॉक्टरांकडे बरीच वर्षं सुखाने चाललो. ते दर पावसाळ्यानंतर माझ्या पोटातलं तेल बदलून घेत. मागून आवाज नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं ते म्हणत. माझ्या आयुष्यातली ही एकुलती एक स्तुती. मला पाठ आहे.

पुढे ती मोटार नेवाशाकडच्या आप्पासाहेबांनी घेतली. उसाचं मोठं रान, दारात स्वतःचं गुऱ्हाळ, आणि साखर कारखान्यात संचालक व्हायची फार इच्छा. आल्या आल्या त्यांनी गाडीला नवे पडदे लावले आणि मच्छिंद्रला हुकूम सोडला, "मागच्या आसाला वंगन दे रं!"

त्यांचा हा नवा ड्रायव्हर मच्छिंद्र आतापर्यंत बैलगाडी हाकत होता. त्याने मन लावून, डबाभर वंगण मला बाहेरून फासलं. पोट कोरडंच राहिलं. वर नेवाशाची धूळ बसून मी थापलेल्या गोवरीसारखा दिसू लागलो. मच्छिंद्रवर माझा राग नाही. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. आप्पासाहेबांनी मात्र त्यानंतर एकदाही खाली वाकून पाहिलं नाही. तिथे माझ्या मनात पहिली नोंद झाली.

आतली चक्रं झिजली आणि मी ओरडू लागलो.

"मच्छिंद्रा, कोन वराडतंय रं?"

"मागून येतंय, मालक."

"मागं कोन बसलंय?"

"तुमच्या सासूबाई."

"मग ठीक हाय."

दुसरी नोंद.

असाच ओरडत एकाहत्तर सालच्या हिवाळ्यापर्यंत पोचलो. कारखान्याची निवडणूक तोंडावर होती. ओरडणारी मोटार प्रचाराला शोभत नव्हती, म्हणून आप्पासाहेबांनी ती विकायला काढली. गिऱ्हाईक होत्या मिशनच्या दवाखान्यातल्या मरियम सिस्टर. आवाज खणखणीत, चाल पोलिसासारखी. त्यांना बाळंतपणाच्या बायकांना खेड्यांतून आणायला मोटार हवी होती. आदल्याच आठवड्यात एका बाईला खाटेवर घालून आणताना वाटेतच तिचे हाल झाले होते. "मला रस्त्यात बंद न पडणारी गाडी पाहिजे, आप्पासाहेब," त्या म्हणाल्या. "बाकी पडदे नसले तरी चालतील."

"सिस्टर, ह्यो घोडा हाय घोडा!" आप्पासाहेब म्हणाले.

त्या परत गेल्या आणि माझा आवाज दाबायला आप्पासाहेबांनी गुऱ्हाळावरून काकवी मागवली. तीच, तुम्ही भाकरीबरोबर खाता ती. त्यात उसाच्या चिपाडाचा बारीक भुसा कालवला, माझ्या पोटाचं बूच काढलं आणि ते मिश्रण आत ओतायला लावलं.

"मालक, ह्यानं आतलं समदं जाईल," मच्छिंद्र म्हणाला.

"जाऊ दे. तवर गाडीबी गेलेली आसंल."

मित्रांनो, माझा आवाज खरोखर बसला. गळ्यापर्यंत गोड घट्ट लगदा. उद्या हीच गाडी एखाद्या अडलेल्या बाईला घेऊन रानात उभी राहणार, आणि शिव्या मला पडणार! आतापर्यंत मी नुसता नोंदी करत होतो. त्या रात्री मी ठरवलं: सूड घ्यायचा, आणि विक्रीआधी घ्यायचा. हात नाहीत, पाय नाहीत, आवाजही नाही. पण माझ्याकडे उष्णता होती.

सकाळी सिस्टर आल्या तेव्हा माझ्या पोटापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.

"मोटारीला मुंग्या?"

"लई पावनं येत्यात, सिस्टर. पोरं पेढं सांडत्यात."

सिस्टर मागच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "चला, इमामपूरचा घाट चढून येऊ."

वाटेत त्यांनी रोग्याची चौकशी करावी तशी माझी चौकशी सुरू केली. त्यांचा भाऊ एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होता, त्याने शिकवून पाठवलं होतं.

"चढावर आवाज करते का?"

"अजाबात न्हाई. तब्येत ठनठनीत."

"रोग्याला विचारतेय मी. नातेवाईक नेहमी असंच सांगतात."

घाटात मी जीव खाऊन तापलो. काकवी पातळ झाली आणि माझा गळा मोकळा झाला. जोर लागला की मी किंचाळायचो. उतारावर मच्छिंद्रने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की रडका सूर लावायचो.

"टायर वाजत्यात, सिस्टर," आप्पासाहेब म्हणाले.

"मच्छिंद्र, गाडी मातीच्या वाटेवर घे." घेतली. "टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. हा तस्साच आहे. आता डावीकडे वळव. आता उजवीकडे. वळताना फरक पडत नाही, म्हणजे चाकांची बेअरिंगं बरी आहेत." मग त्यांनी गाडी थांबवून पुन्हा सुरू करायला लावली. मी खट्‌कन धक्का दिला. "आणि हे चक्रांचे दात सैल झालेत. दुखणं पोटात आहे, आप्पासाहेब."

एवढ्यावर आप्पासाहेबांनी गप्प बसायचं. पण परतताना कारखान्याचं फाटक लागलं. तिथे उसाच्या बैलगाड्यांची ही लांब रांग, आणि प्रत्येक गाडीवर एक मतदार. आप्पासाहेबांना राहवलं नाही. "हॉर्न वाजीव, मच्छिंद्रा! म्होरून घे!"

मी याचीच वाट बघत होतो. माझ्या पोटात पाक एव्हाना करपला होता आणि भुसा चक्रांत बसला होता. बरोब्बर फाटकासमोर मी दात आवळले. चाकं जागच्या जागी थांबली, आप्पासाहेबांची टोपी पुढच्या काचेवर गेली आणि माझ्या बुचातून धुराची बट निघाली.

गाडीवानांनी नाकं वर केली. हा वास त्यांना जन्मापासून ठाऊक होता.

"आरं, काकवी करपली की!"

"मोटारीत गुऱ्हाळ घातलंय का काय, आप्पासाहेब?"

सिस्टर खाली उतरल्या, रस्त्यात बसल्या, स्टेथोस्कोप काढून माझ्या पोटाला लावला आणि डोळे मिटून ऐकलं. रांगेतली माणसं गाड्यांवरून वाकून बघू लागली. मग त्यांनी मच्छिंद्रला बूच काढायला लावलं. बाहेर काळा पाक आला, त्यात भुसा, आणि भुशात माझ्या दातांचा चुरा चमकत होता.

"हिच्यात मी बाळंतीण बसवणार होते," सिस्टर म्हणाल्या. मोठ्याने नाही. पण ऐकू सगळ्यांना गेलं.

आप्पासाहेबांनी रांगेकडे पाहिलं. मतं समोर उभी होती. "विकतोय कोन? दवाखान्याला दान दिली म्या!"

"देव भलं करो. मग नवा ॲक्सल बसवून द्या," सिस्टर म्हणाल्या. "हे सगळे साक्षीला आहेतच."

द्यावा लागला. मोटार दवाखान्यात गेली, आणि मच्छिंद्रसुद्धा तिच्यावर ड्रायव्हर म्हणून गेला. आता ती बायकांना वेळेवर आणते, असं ऐकतो. पण तिच्याखाली दुसराच ॲक्सल आहे. मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू?

निवडणुकीत आप्पासाहेब पडले. लोहाराने माझं पोट रिकामं केलं आणि मला त्यांच्याच उसाच्या बैलगाडीखाली बसवलं. मोटार गेल्यामुळे आप्पासाहेब आता याच गाडीवरून कारखान्याला जातात. फाटकापाशी कोणीतरी हटकून नाक वर करून वास घेतं.

मित्रांनो, जे तुमचा भार वाहतात त्यांच्याकडे अधूनमधून वाकून बघत जा. पोटात काय आहे ते विचारा. न विचारलंत तरी चालेल. आमची स्मरणशक्ती चांगली असते.

मच्छिंद्र गेल्यापासून वंगण आप्पासाहेबांनाच द्यावं लागतं. दर बाजारच्या दिवशी ते टोपी काढून ठेवतात, गुडघे टेकतात आणि चाकाशी वाकतात. आता बाहेरून नाही, नीट आत लावतात. खरं म्हणजे तेवढं पुरतं. तरीपण ते उठून धोतर झटकू लागले की मी थोडासा कुरकुरतो.

ते पुन्हा वाकतात.