गाडी गिरकीत असताना

बल्ब पुन्हा पेटला आणि इंजिन जागीच थांबलं.

"अकरावी खेप," मी म्हणाले. "अण्णा, जेवून घ्या आता."

"तू जेव. माझं चालू हाय." अण्णांनी मान वर केली नाही.

लातूरच्या आमच्या घरातली पुढची खोली मार्चपासून या खेळण्याच्या ताब्यात होती. दाराच्या दोन जुन्या फळ्या जोडून केलेलं टेबल, त्यावर हैदराबादहून मागवलेले रूळ, एक इंजिन आणि दोन डबे. सांधे, म्हणजे गाडीची वाट बदलणारे रूळ, हलवायला सायकलच्या ब्रेकच्या तारा. लाइनीत मोटारीचा एक बल्ब जोडलेला. कुठं शॉर्ट झालं की तो भगभगीत पेटायचा. माझे वडील रामकिशन बत्तीस वर्षं रेल्वेत सांधेवाले होते. छोटी लाइन उखडली, मोठी आली, अण्णा निवृत्त झाले. त्यांचे हात मात्र काही केल्या निवृत्त होईनात.

दहा जूनला याच खोलीत क्लासच्या तीन मुली राहायला येणार होत्या. आमच्या गल्लीत आता डॉक्टर होऊ घातलेल्या मुलींशिवाय घर उरलेलं नाही. मी स्वतः त्याच क्लासमध्ये फिजिक्स शिकवते, तेव्हा शब्द मीच दिला होता. पलंग उद्या यायचे होते. अण्णांनी एवढंच मागितलं होतं: गाडी एकदा स्टेशनातून निघून स्टेशनात परत येऊ दे, मग मी माझ्या हातानं सगळं उचलतो.

नुसता गोल टाकला असता तर पहिल्याच दिवशी जमलं असतं. पण गोल त्यांना नको होता. एकच लाइन स्टेशनातून निघेल, टोकाला मोठी गिरकी घेईल आणि गाडी फिरून त्याच लाइनीनं परत येईल, हा त्यांचा हट्ट. अशा गिरकीत उजवा रूळ वळून डाव्यालाच जाऊन मिळतो, म्हणजे लाल तार काळ्या तारेला. शॉर्ट होणारच. हे मी तळहातावर पेनानं काढून दाखवलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी गिरकीच्या दोन्ही तोंडांशी रूळ कापले, फटींत प्रवाह अडवायला जुन्या एटीएम कार्डाचे तुकडे बसवले आणि गंजगोलाईच्या बाजारातून सहा पायांचा स्विच आणला. गाडी पूर्ण गिरकीत शिरली, की सांधा ओढायचा आणि स्विच खाली पाडायचा. बाहेरच्या लाइनीचा प्रवाह उलटतो, परतीची वाट मोकळी होते.

वायरिंग बिनचूक होतं. मी मीटर लावून तपासलं होतं. तरी गाडी दर वेळी परतीच्या फटीवर येऊन अडायची.

बाराव्या खेपेला मी गाडीकडे न बघता अण्णांच्या हाताकडे बघितलं. गाडी गिरकीत शिरली. बोटं स्विचवर होती. गाडी अर्धी फिरली, पाऊण फिरली. बोटं हलली नाहीत. बल्ब पेटला.

"अण्णा, तुम्ही स्विच पाडतच नाही!"

"गाडी लाइनीवर असताना लाइन बदलायची न्हाई." ते कपाळ पुसत म्हणाले. "गाडी पुरी आली, थांबली, मंगच हात लावायचा. बत्तीस वर्षं ह्येच केलं. मानसं असतात आत."

"आत कोणी नाहीये. प्लास्टिकचे रिकामे डबे आहेत!"

"तुझी माय होती की," अण्णा म्हणाले.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात आई, पंचफुला तिचं नाव, किल्लारीकडे भावाला भेटायला गेली. रेल्वेचा पास होता म्हणून पहिला टप्पा छोट्या गाडीनं, पुढं एसटी. ड्युटीवर अण्णाच होते. तिची पिशवी त्यांनीच खिडकीतून आत दिली. मी आठ वर्षांची, तापानं फणफणलेली, आत्याजवळ घरी होते. तिसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली. आमच्या घराला नुसती चीर गेली. मामाचं घर उरलं नाही.

"सांधा बराबर होता. झेंडी बराबर होती. एक चूक केली न्हाई मी, प्रिया." अण्णा म्हणाले. "रोजची गाडी रोज परत आली. धा दिवस मी एकेक डबा बघून राहिलो. मंग ह्यो नियम आता कोनासाठी पाळून राहिलो मी?"

मला माझ्या फिजिक्सची लाज वाटली. "तुम्ही बसा," मी म्हणाले, "स्विच मी पाडते."

"न्हाई. माझा हात हाय, मीच हलविन."

त्यांनी गाडी उचलून पुन्हा स्टेशनात ठेवली. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'लातूर' लिहिलेलं होतं. डबे नीट जोडलेत का ते बोटानं चाचपलं, स्विच मूळ जागीच आहे ना ते बघितलं, आणि गाडी सोडली.

गाडी लाइनीनं गेली. गिरकीत शिरली. शेवटचा डबाही फट ओलांडून आत आला. अण्णांनी डाव्या हातानं ब्रेकची तार ओढली, सांधा सरकला. उजवा हात स्विचवर होता. गाडी अर्धी फिरली. अण्णांनी दात आवळले आणि चालत्या गाडीच्या पुढची लाइन बदलली. खट्.

बल्ब पेटला नाही. गाडी फटीवरून निघाली, सांध्यावर जराशी डुलली आणि सरळ लाइनीला लागली. अण्णांनी वेग कमी करत करत तिला पाटीसमोर आणून उभी केली.

मी टाळ्या वाजवणार होते. पण अण्णा वाकले होते. दुसऱ्या डब्याच्या खिडकीपाशी त्यांनी तळहात उघडा धरला होता, कुणी आतून पिशवी देतंय तसा. मला रडू आवरेना.

"पलंग कवा येनार म्हनलीस?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"सकाळी नऊला."

"बरं," अण्णा म्हणाले. हात त्यांनी अजून मागे घेतला नव्हता.