भेगेवरचा पट्टा

रंगारणीने घर पाहून ठेवलं होतं, आवडूनही ठेवलं होतं. परवा तिने भावाच्या कानावर घातलं आणि आज तो तिच्याबरोबर आला, तोही एकटा नाही. ओळखीचा गवंडी घेऊन आला. "माहितगार माणूस बरोबर असलेला बरा," म्हणाला. बावीस वर्षं लोकांच्या भिंती खरवडून, पुट्टी भरून रंगवणारी सख्खी बहीण त्याच्या लेखी माहितगार नव्हती.

घर बैठं, तीन खोल्यांचं, साठ वर्षांचं. दलाल किल्ल्या खुळखुळवत पुढे झाला.

"नुकतंच रंगवून घेतलंय, ताई. नव्यासारखं झालंय की नाही?"

"घर कुठे रंगवलंय? ही एकच भिंत रंगवलीय," रंगारीण म्हणाली. तिने कपाट बाजूला सरकवलं आणि हाताची मागची बाजू भिंतीला टेकवली. भिंत गार, ओलसर. पलीकडे न्हाणीघर होतं, आतली पाइप पाझरत होती. विकणाऱ्यांच्या सांगण्यावरून असले रंग तिने स्वतः कितीदा मारले होते, आणि दर वेळी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या होत्या. खोटं कुठे लपवतात ते तिला तोंडपाठ होतं.

"पाइप बदलायची, प्लास्टर कमरेपर्यंत काढायचं, भिंत महिनाभर वाळू द्यायची. पुढे चला."

दलालाच्या किल्ल्या गप्प झाल्या.

पुढच्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर गवंड्याने खिडकीखालच्या भेगेकडे बोट दाखवलं. "ही बघा. पाया खचलाय. हे घर पाडावंच लागणार."

"बघ. मी काय म्हणत होतो?" भाऊ म्हणाला. गवंड्याचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. ही घाई रंगारणीच्या नजरेतून सुटली नाही.

"काका, जरा जवळ या. भेगेवर काय दिसतंय?"

भेगेवर आडवा, बोटभर रुंदीचा पुट्टीचा पट्टा होता आणि त्यावर पेन्सिलने तारीख लिहिलेली होती.

"पहिल्यांदा आले तेव्हा मालकांना विचारून मीच लावलाय. चार महिने झाले, मधे सगळा पावसाळा गेला. भिंत हलत असती तर हा पट्टा तडकला असता. केसाएवढी तरी चीर दिसतेय का?"

गवंड्याने चष्मा चढवला, पट्ट्यावरून नख फिरवलं. "नाही," म्हणाला.

"तुम्ही भिंत ठोकून पाहिली नाहीत. गटाराचं झाकण उचललं नाहीत. नळ सोडून पाणी कुठे तुंबतं ते पाहिलं नाहीत. आणि दारातूनच पाया खचलेला दिसला?"

गवंड्याने भावाकडे पाहिलं. भाऊ छताकडे पाहत होता.

"आता खोटं कशाला बोलू, बाई," गवंडी म्हणाला. "तुमचे भाऊ म्हणाले, काहीतरी मोठं सांगा, म्हणजे ती नाद सोडेल."

रंगारणीच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा गेल्यापासून सतरा वर्षं ती भावाच्या घरी बोळातल्या खाटेवर झोपत होती. भिंतीत खिळा ठोकायचा तरी विचारायची. कधी तोंड वर करून बोलली नव्हती, आणि हा तिच्याच धंद्यात तिला बनवायला निघाला होता. पण ती ओरडली नाही. सगळ्यांना घेऊन स्वयंपाकघरात गेली, स्टुलावर चढली आणि पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर वरच्या तुळईत दाबला. तो लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. पिवळा भुगा दलालाच्या इस्त्रीच्या शर्टावर पडला.

"वाळवी. आख्खी तुळई पोखरलीय. मला घाबरवायचंच होतं, तर हे सांगायचंत." मग तिने दलालाकडे मोर्चा वळवला. "मालकांना सांगा, किंमत ही तुळई आणि ती ओली भिंत धरून बोलायची. नव्यासारखं घर म्हणून नाही."

"म्हणजे तूच म्हणतेयस घर पोखरलंय," भाऊ म्हणाला. "तरी घेणार?"

"घेणार. तुळई बदलता येते. मी सुताराशी बोलूनही ठेवलंय."

"एकटी राहशील?"

"इतकी वर्षं काय जत्रेत राहत होते?"

दलालाला हसू आवरेना. तो शर्ट झटकण्याच्या निमित्ताने बाहेर गेला, गवंडीही त्याच्यामागे सटकला. भावाने आवाज खाली आणला. खरं कारण आता बाहेर आलं.

"आणि आईचं कोण करणार? तुझ्या वहिनीला तिला उचलणं जमत नाही. मी दिवसभर ऑफिसात. तू गेलीस तर आम्ही काय करायचं?"

"आई माझ्याबरोबर येतेय."

"ती येणार नाही. माझं घर सोडून ती कुठे जाणार नाही."

"गेल्या आठवड्यात इथे आणलं होतं तिला. मधली खोली तिने स्वतः निवडली, सकाळचं ऊन येतं म्हणून. चाकांच्या खुर्चीला दार बोटभर अरुंद पडतंय, तेवढी चौकट मी तासून घेणार आहे."

भाऊ म्हणाला, "मला बोलली नाही ती."

"तिनेच मला बजावलं, त्याला आधीपासून सांगू नकोस. म्हणाली, तो तोंडावर नाही म्हणायचा नाही. कुणालातरी पढवून आणेल."

भाऊ खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिला, आणि पाठमोरा तो एकदम म्हातारा दिसला. रंगारणीला त्याची दया आली. दया आली म्हणून ती थांबली मात्र नाही. तिने दाराशी जाऊन दलालाला हाक मारली.

"कागद माझ्या एकटीच्या नावाने करायचे," ती म्हणाली.