भिंतीवरचं कॉकपिट

“खिळे नको ठोकू देवा, भिताड नवं हाय,” रामकिसन बाजेवरून म्हणाले.

वडिलांचं ऐकून देवानंदने हातोडी खाली ठेवली. त्याची थोरली बहीण सत्यशीला आतून पितळीत गव्हाच्या पिठाची खळ घेऊन आली. ती शाळेत शिकवायची, तक्ते चिकटवायचा हात तिला होता. दोघांनी मिळून तीन मोठे कागद भिंतीवर शेजारी शेजारी लावले आणि मंठ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली, विमानाचं कॉकपिट उभं राहिलं. घड्याळासारख्या गोल तबकड्या, बटणांच्या रांगा, मधोमध दोन इंजिनांचे दोन दांडे. सगळं छापील, पण खऱ्याच्या मापाचं.

“आता?” सत्यशीलाने विचारलं.

“आता समोर दोन स्टूल. आणि दोन विटा पाहिजेत.”

“विटा कशाला रे?”

“पायाखाली. विमानाचं तोंड सरळ ठेवायला पायाशी दोन पेडल असतात, त्यांच्याऐवजी.”

तिने परसातून विटा आणून ठेवल्या. विचारायचं बरंच होतं, पण तिने विचारलं नाही. भाऊ न कळवता आला होता. आल्यापासून पुढ्यात येईल ते खात होता, कोणी बोललं तर उत्तर देत होता, आणि बाकीचा वेळ दारातल्या उन्हाकडे बघत बसत होता.

नव्व्याण्णव सालचा मे महिना होता. देवानंद मुंबईत एका विमान कंपनीत को-पायलट होता. सरकारी शिष्यवृत्तीवर तो विमान चालवणं शिकायला गेला तेव्हा वस्तीतल्या लोकांनी त्याला बँड लावून एसटी स्टँडपर्यंत सोडलं होतं. अजूनही तो आला की कोणी ना कोणी बघायला यायचंच. त्या दिवशी शेजारचे तातेराव आले. भिंतीकडे बघून ते उंबऱ्यातच थांबले.

“जय भीम, पायलट. इमान घरीच आनलं की काय?”

“जय भीम, काका. प्रॅक्टिस करून राह्यलो.”

“कागदावर?”

“आधी कागदावर. मग हैदराबादला मशीन आहे, त्याच्यात.”

“कसली मशीन?”

हे सांगायला देवानंदला एके काळी फार आवडायचं. सुट्टीवर आला की अंगणात बसून हातवारे करकरून सांगायचा. आता त्याने रस्ता विचारणाऱ्याला सांगावं तसं सांगितलं. एका मोठ्या हॉलमध्ये पांढरा डबा असतो, पोलादी पायांवर उभा. आत हुबेहूब कॉकपिट. काचेतून धावपट्टी दिसते, पाऊस दिसतो, डबा हलतो, हादरतो. मागे शिकवणारा कॅप्टन बसलेला असतो. तो बटण दाबतो आणि इंजिनाला आग लागते. दुसरं दाबतो, धूर होतो. वर्षातून दोनदा प्रत्येक पायलटला त्या डब्यात बसावंच लागतं. पास झाला तर विमानावर, नाही तर घरी.

“आन् पडलं तर? त्या डब्यात इमान पडलं तर?”

“लाल दिसतं सगळं. मग मागचा माणूस परत पट्टीवर आणून ठेवतो. पुन्हा पहिल्यापासून.”

तातेराव हसले. “भारीच हाय. मेलं की परत उठायचं.”

बाजेवर रामकिसन होते. ते हसले नाहीत.

*

आई डिसेंबरात गेली. जालन्याच्या दवाखान्यात, छातीत दुखायला लागल्यावर तासाभरात. सत्यशीलाचा फोन आला तेव्हा देवानंद दिल्लीच्या हॉटेलात बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ड्यूटीवरून उतरवलं असतं, बदली माणूस शोधेपर्यंत विमान खोळंबलं असतं, आणि मुंबईला तर त्याला जायचंच होतं. त्याने नेहमीसारखी टोपी घातली, विमान मुंबईला आणलं आणि इतक्या अलगद उतरवलं, की शेजारचा कॅप्टन म्हणाला, “देवानंद, आज लोण्यासारखं टेकवलंस.”

मंठ्याला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. लोक त्याच्यासाठी थांबले होते. आईच्या पायांवर डोकं ठेवताना त्याला फक्त एवढंच जाणवलं, की पाय गार आहेत. रडू आलं नाही. येईल म्हणून तो वाट बघत राहिला. तिसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाला सगळे वंदना म्हणत होते, तेव्हाही आलं नाही. बायकांत कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, साहेब झालाय आता. पाचव्या दिवशी तो कामावर हजर झाला. ड्यूट्या केल्या, झोप लागली, भूक लागली. फक्त सगळं जाड काचेच्या पलीकडे चाललं होतं.

एप्रिलमध्ये हैदराबादच्या डब्यात त्याची परीक्षा झाली. विमान पट्टीवर धावत होतं. एक वेग असा असतो, की त्याच्यापुढे थांबता येत नाही, काहीही झालं तरी वर जावंच लागतं. तो वेग ओलांडला आणि मागच्या माणसाने उजव्या इंजिनाला आग लावली. घंटा वाजली, लाल दिवा लागला, विमानाचं तोंड उजवीकडे वळायला लागलं. देवानंद बघत राहिला. पायाने दाबायला हवं हे त्याला ठाऊक होतं. विमानाचं नाक सरळ धरायला हवं, हेही. पण त्याला अजिबात भीती वाटली नाही. पट्टी बाजूला सरकत गेली, गवत आलं, आणि शेजारच्या कॅप्टनने झडप घालून विमान हातात घेतलं, वर उचललं.

चित्र हवेतच थांबलं. मागून आवाज आला, “देवानंद, काय झालं?”

“काही नाही, सर.”

आणि ते खरंच होतं.

आता जूनमध्ये आणखी एक संधी होती. तीही गेली तर को-पायलटची खुर्ची गेली. त्याने हे घरी सांगितलं नव्हतं. मुंबईच्या खोलीत एकट्याने कागदासमोर बसवेना, म्हणून तो इकडे आला होता.

*

“एकट्यानं कसं जमंल?” दुसऱ्या दिवशी सकाळी रामकिसनांनी विचारलं. “तिथं दोन स्टुलं ठिवलीत तू.”

“दुसऱ्यावर कॅप्टन बसतो.”

“त्याचं काम काय?”

“आग लागली की ते इंजिन बंद करायचं असतं. पण गडबडीत चांगलंच इंजिन बंद झालं तर दोन्ही गेली. म्हणून एकट्याने काहीच बंद करायचं नाही. दांड्यावर हात ठेवून विचारायचं. दुसऱ्याने नीट बघायचं, आणि बरोबर असेल तरच हो म्हणायचं. मग ओढायचं.”

रामकिसन उठले. साठी ओलांडलेला माणूस, गुडघ्यावर हात टेकत डाव्या स्टुलावर येऊन बसला. “मी बघतो. इंग्रजी न्हाई येत, पर डावं-उजवं येतं.”

सत्यशीलाला हसू आलं. मग तिला वाटलं, आई गेल्यापासून बाबा पहिल्यांदाच आपणहून बाजेवरून उठले. ती स्टीलचं ताट आणि पळी घेऊन मागे उभी राहिली. घंटा तिच्याकडे आली.

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ झाला. रामकिसन देवानंदचा हात पडायच्या आधीच “बराबर” म्हणायचे. देवानंद न रागावता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. दुसऱ्या दिवशी लय सापडली. तो वेग मोठ्याने म्हणायचा, सत्यशीला ताट वाजवायची, “उजव्याला आग!” देवानंद डाव्या पायाने वीट दाबायचा. मग थोडा वेळ काहीच करायचं नाही, विमान वर जाऊ द्यायचं. मग हात दांड्यावर.

“उजवा?”

रामकिसन मान पुढे काढून कागदाजवळ न्यायचे, दांडा बघायचे, हात बघायचे. “उजवा. बराबर.”

मग खालचा खटका. “उजवा?” “बराबर.” मग आगीचं हँडल. “उजवं?” “बराबर.”

चौथ्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणत होतं. पंखा नुसती गरम हवा फिरवत होता. सत्यशीलाने ताट वाजवलं. “उजव्याला आग!” देवानंदने वीट दाबली, थांबला, हात पुढे केला.

“उजवा?”

रामकिसन कागदाजवळ मान नेऊन बघत राहिले.

“बाबा, उजवा?”

“न्हाई.” रामकिसनांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला होता. पकड घट्ट होती. “हे न्हाई. हे डावं हाय, देवा.”

देवानंदने पाहिलं. त्याची बोटं डाव्या दांड्यावर होती. चांगल्या इंजिनावर. तो त्या बोटांकडे बघत राहिला. भीती वाटेल म्हणून त्याने वाट पाहिली. वाटली नाही.

“बाबा,” तो म्हणाला, “मी मागच्या वेळी नापास झालो. मला काहीच होत नाही. आई गेल्यापासून. घंटा वाजली तरी काही होत नाही.”

सत्यशीलाने ताट हळूच खाली ठेवलं.

रामकिसनांनी मनगट सोडलं नाही.

“मला बी न्हाई झालं,” ते म्हणाले. “त्या टेम्पोच्या टायमाला.”

टेम्पोबद्दल घरात कोणी बोलत नसे. त्र्याऐंशी साली रामकिसन मंठ्याच्या एका व्यापाऱ्याचा टेम्पो चालवायचे. लग्नाचं वऱ्हाड घेऊन येताना उतारावर ब्रेक गेले आणि टेम्पो उलटला. चार माणसं गेली. ब्रेकची नळी सडलेली निघाली, पोलिसांनी रामकिसनांना सोडून दिलं. पोरांना ठाऊक होतं ते एवढंच, आणि तेही लोकांकडून.

“पाय मारला तर पायडल खाली गेलं, बिलकुल खाली,” रामकिसन सांगू लागले. “मी गेर पाडला. हँडब्रेक वढला. मांगं बाया गाणे म्हनू राहिल्या व्हत्या, त्यांना काय म्हाईत. डाव्या अंगाला दरड व्हती, उजव्या अंगाला नांगरलेलं वावर. मी डावीकडं घातली. काहून घातली ते अजून म्हाईत न्हाई. भ्या वाटलं न्हाई, काहीच वाटलं न्हाई. किलीनर पोरगा बाजूला झोपेल व्हता. कोन्ही इचारनारं नव्हतं, बाबा हे का ते.”

“वावरात घातली असती तरी उलटलीच असती,” सत्यशीला म्हणाली.

“आसंल. म्हाईत न्हाई. म्या लई येळा घातली वावरात, मनात. पर तुमच्या त्या डब्यावानी परत आनून ठिवनारं कोन्ही न्हाई. मंग मी परत गाडी धरली. महिना बी झाला नव्हता. तुम्ही ल्हान व्हते. पंधरा वर्सं चालवली. तुमची माय सकाळी डबा द्याची आन् म्हनायची, हळू जा. तेवढंच. तिनं बी कधी इचारलं न्हाई, मी बी सांगितलं न्हाई.”

“मग कशी चालवली?” देवानंदने विचारलं.

“हातानं.” रामकिसनांनी त्याचं मनगट सोडलं. “तुझं बराबर हाय. तुला बाजूला मानूस हाय. त्याला इचारायचं. त्यो न्हाई म्हनला तर हात काढायचा. वाजव गं सत्या.”

सत्यशीलाने डोळे पुसले आणि ताट उचललं.

पुढचे दिवस सकाळ-संध्याकाळ ते तिघं बसले. कधी आग डावीकडे, कधी उजवीकडे. तातेराव एकदा येऊन बघून गेले. निघायच्या आदल्या दिवशी रामकिसनांनी विचारलं, “हैदराबादहून मुंबईला जाताना गाडी जालन्यावरून जाती न्हवं?”

“कंपनीचं विमानाचं तिकीट आहे, बाबा.”

“गाडीनं ये. उतरू नको. मी ठेसनावर येतो.”

*

हैदराबादच्या डब्यात एसी फार गार होता. मागे तोच इन्स्ट्रक्टर, डावीकडे दुसरा एक कॅप्टन, देवानंदपेक्षा थोडाच मोठा. पट्टी पळत आली. वेग ओलांडला. घंटा वाजली.

देवानंदला काही वाटलं नाही. पण डावा पाय गेला. नाक सरळ झालं. तो थांबला, विमान वर जाऊ दिलं. मग हात पुढे झाला, आणि त्याने आपलाच आवाज ऐकला, विचारणारा. शेजारच्या माणसाने वाकून पाहिलं आणि इंग्रजीत होकार दिला. देवानंदने दांडा ओढला. खटका. हँडल. लाल दिवा विझला. एका इंजिनावर त्याने चक्कर मारून विमान परत आणलं आणि पट्टीवर उतरवलं. त्यानंतर धूर झाला, मग हवेचा दाब गेला, चाकं अडकली. प्रत्येक वेळी त्याने विचारलं. एकदा कॅप्टन नाही म्हणाला, तेव्हा त्याने हात काढला.

“एकदम शांत होतास,” बाहेर आल्यावर इन्स्ट्रक्टर म्हणाले. “हेच पाहिजे.”

“थँक यू, सर,” देवानंद म्हणाला. कँटीनमध्ये त्याने चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली. पास झाल्याचा आनंद येतो का ते पाहिलं, आणि स्टेशनची रिक्षा धरली.

सकाळी जालना आलं. गाडी फार वेळ थांबणार नव्हती. रामकिसन प्लॅटफॉर्मवर उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल. मंठ्याहून पहिल्या एसटीने आले असावेत. देवानंद दारात आला. त्यांनी फडक्यात बांधलेल्या भाकरी त्याच्या हातात दिल्या.

“सत्यानं दिल्यात. ठेचा बी हाय.”

“बाबा, पास झालो.”

“हां.” रामकिसनांनी मान हलवली. त्यांना आणखी काही विचारायचं होतं. ते इकडे तिकडे बघत राहिले. चहावाला ओरडत गेला, कोणाची तरी पेटी पायाला लागली. गाडीने शिटी दिली तसे ते दाराजवळ सरकले.

“लोकं वाचले का?”

“कोण लोक?”

“तुझ्या मांगं बसेल. इमानातले.”

देवानंद सांगणार होता, की त्या डब्यात मागे कोणी नसतं. बटणं दाबणारा एक माणूस, बस. त्याने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“वाचले, बाबा,” तो म्हणाला. “सगळे.”

“सगळे?”

“सगळे.”

गाडी हलली. रामकिसन दोन पावलं मागे सरकले. त्यांनी हात हलवला नाही. देवानंद दारातून वाकून बघत होता. त्याचा डबा पुढे निघून गेला तरी ते तिथेच उभे होते, आणि समोरून जाणाऱ्या एकेका खिडकीकडे बघत होते. झोपलेली माणसं, दात घासणारी माणसं, खिडकीच्या गजाला धरून उभं असलेलं कोणाचं तरी पोर. शेवटची खिडकी जाईपर्यंत त्यांची नजर प्रत्येकावर जराशी थांबत होती.